पोटाशी नऊ अंडी

"बसनं? बस काय फुकट नेते? आणि नेलं तरी सगळा वळसा घालून दुपारी पोचवणार. तोवर अंडी गारगोट्या होतील!"

शेजारच्या वहिनी उंबऱ्यात बसून माझ्यावर ओरडत होत्या. चूक माझीच. विचारलं नसताना मी सुचवायला गेलो होतो.

पहाटे बोक्यानं त्यांची अंड्यांवर बसलेली कोंबडी मारली. त्याच्यामागे धावताना वहिनींचा पाय मुरगळला. टोपलीत नऊ अंडी राहिली, अजून कोमट. एकोणिसावा दिवस, दोन दिवसांत पिल्लं निघायची. टेकडीपलीकडे त्यांच्या बहिणीची कोंबडी खुडूक होऊन, अंडी नसतानाही उबवायला, रिकाम्या टोपलीत बसून होती.

"तीच इकडे आणली तर?" मी भीतभीत म्हणालो.

"एवढी पुस्तकं वाचलीत भाऊजी, पण खुडूक कोंबडी जागची हलवली की उठते, हे कुठं वाचलं नाहीत? अंडीच न्यायची. पोटाशी बांधून, पायी. सायकलवर आतलं पिल्लू हिंदकळेल."

"पण मीच का?"

"गावात तुमच्याइतकं हळू कोण चालतं?"

मी स्वेटर वर केला. चादरीच्या पट्टीत एकेक अंडं गुंडाळून त्यांनी माझ्या पोटाला बांधलं. मी मान फिरवली.

"लाजताय काय? या वयात कोण बघतंय!" मग आवाज उतरला. "जपून न्या. कोंबडी गेली, आता हीच नऊ आहेत."

नांगरटीवरून बोचरा वारा येत होता. पोट दोन्ही हातांनी धरून मी ढेकळं चुकवत निघालो. आमच्या रस्त्यावर पायी माणूस दिसला की गाडीवाला थांबतोच, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. एकदा असाच ट्रॅक्टरवर बसून भलत्याच गावी पोचलो होतो.

चढावर रस्त्याला लागलो, तोच दूधवाल्याची मोटारसायकल आली.

"आजोबा, बसा!"

"नको... जरा..."

"पोट का धरलंय? दुखतंय?"

"नाही. म्हणजे... हो."

त्यानं गाडी उभी केली आणि माझा दंड धरून ओढला. "चला, दवाखान्यात सोडतो. अंगावर काढू नका!"

पट्टी सैल झाली. एक अंडं कुशीकडे घसरलं.

"सोड!" मी असा ओरडलो की बांधावरचे पक्षी उडाले. "अंडी उबवतोय मी!"

तो बघतच राहिला. मी स्वेटर वर केला, अंडं जागेवर बसवलं. त्यानं वाकून कान लावला.

"आजोबा, आत चिवचिव होतंय की!"

मग तो पुढे गेला तो दवंडी पिटतच. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "मागून आजोबा येतायत. गाडीवर घेऊ नका, पोटुशी आहेत!"

खुरपणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "सांभाळून हो आजोबा! कितवा महिना?"

"एकोणिसावा दिवस," मी म्हणालो, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकलो.

वहिनींच्या बहिणीच्या दारात माझ्याआधी बातमी पोचली होती. तिनं एकेक अंडं कोंबडीपुढे ठेवायला लावलं. कोंबडीनं माझ्या हातावर दोनदा टोचलं. मग चोचीनं एक अंडं आत ओढलं. दुसरं. नववंही. पंख फुगवले आणि डोळे मिटले.

"घेतली!" बहीण म्हणाली.

माझं पोट एकदम गार पडलं. काय करावं सुचेना. स्वेटर वर धरून तसाच उभा राहिलो.

"सुखरूप मोकळे झालात," ती पदरात हसत म्हणाली. "आता टेका जरा. बाळंतिणीनं इतकं उभं राहू नये."