खंडेनवमीला अडकलेला गिअर

नानासो पलटणीत ड्रायव्हर होते. लढाई संपल्यावर पेन्शनीत आले, ते लिलावातली जुनी मिलिटरी जीप घेऊनच. आष्ट्याबाहेर आमच्या मळ्यांकडे येणारी वाट म्हणजे नुसता चिखल. बैलगाडी आसापर्यंत रुतायची. तिथून चारी चाकांनी ओढत बाहेर पडणारी ही एकच गाडी, त्यामुळे नानासोंचा भाव कायम वधारलेला.

त्या पावसाळ्यात जीपचा गिअर जड झाला. दांडा दोन्ही हातांनी ओढावा तेव्हा कुठे पडायचा. कधी दोन गिअरांच्या मधेच अडकून बसायचा. मग पान्यानं वरचं झाकण खोलून आतले झिजलेले चिमटे पेचकसानं सरळ करायचे, की सुटला. कायमच्या कामाला गिअरपेटीच उतरवावी लागणार होती.

"दसरा हू द्या, मग उतरवतो," नानासो म्हणायचे.

खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं, हे आपण सगळेच पाळतो. पण नानासोंची गोष्ट वेगळी. पलटणीत एकानं पूजेतला पाना उचलला आणि त्याच दिवशी तो ट्रकखाली गेला. नानासोंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

लेक विजयमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवमीला दुपारी पाने-पेचकस धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि आत तिला कळा सुरू झाल्या. बऱ्याच वेळानं सुईण धोंडुबाई घामाघूम होऊन बाहेर आली.

"पोर आडवं हाय. माझ्या हातातलं न्हाई हे. सांगलीला न्या, आत्ताच्या आत्ता!"

नानासोंनी जीप चालू केली, क्लच दाबून दांडा ओढला. अडकला. हिसके दिले, लाथ घातली, तो जागचा हलेना. झाकणाचे बोल्ट नुसत्या बोटांनी थोडेच निघणार! बोटं मात्र सोलली.

"आवं, पाटावरची हत्यारं उचला की!" त्यांची बायको अंबूबाई ओरडल्या.

"गप बस! पोरीच्या जिवावर आणू व्हय?"

मला या माणसाचा अजून राग येतो. पण हा हट्ट लेकीच्या मायेपोटी होता, म्हणून धड शिव्याही घालता येत नाहीत.

पाने मागायला ते चिखल तुडवत धरणेंद्र पाटलांच्या वस्तीवर धावले. पाटील सहकुटुंब पाहुण्यांकडे गेलेले, दाराला कुलूप. परत आले तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि आतलं ओरडणंही बारीक झालं होतं.

अंबूबाईंनी मग कुणाला विचारलं नाही. पाटावरचा पाना आणि पेचकस उचलले, पदरानं कुंकू पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिले.

"पाप लागलं तर मला लागू द्या. खोला."

नानासोंनी झाकण खोललं. चिमटे सरळ केले, झाकण बसवलं. एक बिडी ओढायला लागतो तेवढाच वेळ लागला.

सांगलीत विजयमाला वाचली. मुलगा होता, तो गेला.

"जरा आधी आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी काही रागानं म्हटलं नव्हतं, पण नानासो खाली मान घालून तिथेच भिंतीला टेकून बसले.

दसऱ्याच्या दिवशी विजयमाला नीट शुद्धीवर आली. बाळाचं तिला सांगितलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. नानासो खाटेशी उभे राहिले तशी तिनं त्यांची सोललेली बोटं पाहिली.

"आबा, गिअरचं लय मोठं काम निघालं हुतं का वो?"

नानासोंनी अंबूबाईंकडे पाहिलं. अंबूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"व्हय पोरी," नानासो म्हणाले. "लय मोठं."

"मग तुमी तरी काय करणार," म्हणत तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला, आणि ती बापाचीच समजूत घालू लागली.