न पाहिलेल्या कागदावरचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडाची मूठ आणि तळाला तीन शब्द : 'मूळ कागद पाहिला'. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने ही अक्षरे उलटी कोरली, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटावीत.

माझे काम सोपे होते. लोक आपल्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन सरकारी खिडकीशी येत. कारकुनाने ती मूळ दाखल्याशी ताडून पाहायची, मग मला उमटवायचे आणि खाली सही करायची. मी उमटलो की ती झेरॉक्स सगळीकडे खरी मानली जाई.

आमच्या कारकुनांना सगळे 'धडाधड काका' म्हणत. एका सकाळी त्यांनी मला एकशे बारा कागदांवर उमटवले. रांगेतून कुणी म्हणे, "काका, हात आहे की शिवणयंत्र?" काका फुशारत, मीही फुशारे. साहेबांनी आमच्या खिडकीचे कौतुक केले. एवढ्या वेगात मूळ कागद पाहायला वेळ कुठून मिळतो, हे मात्र कोणी विचारले नाही.

एका दुपारी खिडकी बंद होता होता एक बाई आली. हातात परिचारिकेच्या नोंदणी दाखल्याची झेरॉक्स होती.

"काका, मूळ दाखला आईच्या उशाशी राहिला, दवाखान्यात. उद्या आणून दाखवते, गळ्याशपथ!"

"अगं, शपथ कशाला? नर्सबाई का खोटं बोलणार?" असे म्हणून काकांनी मला उमटवले.

झेरॉक्सवर फोटो तिचा होता. नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक दुसरीचे होते. हे आम्हाला सात महिन्यांनी कळले. तो 'उद्या' कधी आलाच नाही.

सात महिन्यांनी त्याच नावाची दुसरी बाई आली. ती खरी. बारा वर्षे मुलांच्या वॉर्डात काम केलेली. तिच्या नावाने कुणीतरी दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात नोकरी धरली होती. तिथे त्या तोतया बाईने चुकीचे इंजेक्शन देऊन एका मुलाचा जीव धोक्यात घातला आणि ती पसार झाली. मूल वाचले, पण बोल लागला नावाला. खऱ्या परिचारिकेची नोंदणी थांबवली गेली. तिला वॉर्डात पाऊल टाकायची बंदी झाली.

पोलीस म्हणाले, नोंदणी कार्यालयाचे पत्र आणा. नोंदणी कार्यालय म्हणाले, पोलिसांचे पत्र आणा. दोघेही म्हणाले, आधी ज्या खिडकीत ती झेरॉक्स खरी ठरली, तिथून शिक्क्यानिशी लिहून आणा.

"काका, मी मीच आहे, एवढं लिहून द्या," ती म्हणाली.

"अहो ताई, या नावाची नर्स मागेच येऊन गेली की! तुम्ही कितव्या?"

रांग हसली. तिने पिशवीतून त्या दवाखान्यातून मिळवलेली खोटी झेरॉक्स काढून समोर ठेवली. सही काकांची, ठसा माझा. काकांचा हात हवेतच थांबला.

त्या दिवसापासून मी कुठेही उमटलो तरी मला खाली तोच अनोळखी चेहरा दिसे. काकाही प्रत्येक फोटो उजेडात धरून पाहू लागले. रांग लांबली. लोक चिडले.

साहेब हळूच म्हणाले, "शिक्का चोरीला गेला होता, असं लिहून टाका. निवृत्तीला सहा महिने राहिलेत. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

काकांनी तसे लिहिले नाही, पण खरेही लिहिले नाही. परिचारिका आणखी नऊ वेळा आली. दर वेळी उभ्या उभ्या, नव्या माणसाला, सगळे पहिल्यापासून सांगे. नवव्या वेळी कुणीतरी नाव विचारले आणि स्वतःचे नाव सांगताना ती अडखळली. चुकीचे सांगत असल्यासारखी.

काकांनी कोरा कागद ओढला. लिहिले, 'मूळ कागद न पाहता मी शिक्का मारला.' खाली सही केली. मला हात लावला नाही.

काकांमागे चौकशी लागली, त्यांची खिडकी गेली. परिचारिकेची नोंदणी मात्र तीन आठवड्यांत परत मिळाली. आणि कार्यालयात एक खोली उघडली. तिथे एक अधिकारी ताई बसतात. ज्याची ओळख चोरीला गेली, त्याने येऊन एकदाच सांगायचे. पत्रे मागवणे आणि खोटे कागद रद्द करवणे हे ताईंचे काम. मला टेबलासकट तिथे हलवले.

परवा परिचारिका आली. ताई तिच्या तक्रारीवर 'निकाली' लिहिणार होत्या.

"सगळं मिळालं हो, ताई," ती म्हणाली. "फक्त वॉर्डात कुणी मागून नावानं हाक मारली ना, की मी लगेच ओ देत नाही. आधी बघते, आणखी कोण वळतंय का."

ताईंनी पेन खाली ठेवले. "ती बाई अजून सापडलेली नाही. मग मी हे बंद करत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा या."

मित्रांनो, माझा ठसा असलेले आणखी किती कागद त्या तोतया बाईच्या पिशवीत आहेत, मला ठाऊक नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी खिडकीच्या आत बसेल. कागद पाहिल्याशिवाय शिक्का उचलू नका. आणि 'माझं नाव चोरलं' म्हणत कुणी आलं, तर त्याला पुढची खिडकी दाखवू नका. आधी बसायला सांगा.