पहिली वीस मिनिटं

पक्षाघातानंतर मिस्त्रींकडे एकच शब्द उरला. बस. पाणी हवं असलं तरी बस, उशी टोचत असली तरी बस. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादा शब्द अडकून राहतो, बहुधा माणसाने जन्मभर जास्त वापरलेला.

मुलीला त्यात नवल वाटलं नाही. गप बस, तिथे बस, बस झाला शहाणपणा. सत्तेचाळीस वर्षांत तिने तो पुरेसा ऐकला होता.

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये तिचं नाव तेरा होतं. ती आठ वर्षांची असताना त्यांनी गाडीखालून हात बाहेर काढून बाराचा पाना मागितला आणि तिने तेराचा दिला. पाना बोल्टवरून घसरला, मिस्त्रींच्या बोटाचं साल निघालं. तेव्हापासून "तेरा, फडकं आण", "तेरा, उजेड धर". गिऱ्हाइकं विचारायची, हे कसलं नाव? मग मिस्त्री तो किस्सा सांगायचे. दर खेपेला बोटाची जखम थोडी मोठी व्हायची.

आता गॅरेज उरलं नव्हतं. मिस्त्रींनी ते धाकट्याच्या, म्हणजे तिच्या भावाच्या नावावर केलं, आणि त्याने तिथे फरशांचं गोदाम काढलं. घर, मिस्त्री आणि मागच्या शेडमधली जुनी गाडी एवढं तिच्याकडे राहिलं. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तीच करायची, आणि बसचे नऊ प्रकार एकटी तीच ओळखायची. लांबवलेला बस म्हणजे पाणी. तुटका म्हणजे पाठ दुखते. नाकातून, दोनदा, म्हणजे धाकट्याला फोन लाव. नववा हळू होता, शेवटी खाली उतरणारा, मान किंचित हलवून म्हटलेला. तो पसंतीचा. तो तिने आजवर चार वेळा ऐकला होता आणि चारही वेळा समोर धाकटा होता.

गेल्या महिन्यात तो आला तेव्हा शेडमध्ये जाऊन त्याने गाडीवरची ताडपत्री उचलली. दोन माणसांची, जमिनीलगत बसलेली, फिकट हिरवी स्पोर्ट्स कार. वय धाकट्याहून चार वर्षांनी जास्त.

"बाबा, ही मला ना?" त्याने परत येऊन विचारलं.

"बस," मिस्त्री म्हणाले.

"ताई, काय म्हणतात?"

ती काहीही सांगू शकली असती. "हो म्हणतात," ती म्हणाली. ते खरं होतं.

"बघ! मग तेवढी चालू करून ठेव. पुढच्या महिन्यात घेऊन जातो. तुला काय, डाव्या हाताचा मळ."

"डावा हात बाबांच्या पाठीखाली असतो."

धाकटा हसला. मग घड्याळ बघून निघाला.

गाडीचा कॅमशाफ्ट गेला होता. हा इंजिनाच्या पोटातला हातभर लांब दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे बारा उंचवटे असतात, दांडा फिरला की ते आळीपाळीने व्हॉल्व्ह उघडतात. एक उंचवटा झिजून सपाट झाला होता. गाडीचा कारखाना कधीच बंद पडलेला. मिस्त्रींनी सहा वर्षं शोधून एक नवा, न वापरलेला शाफ्ट मिळवला होता. विकणाऱ्याने लिहिलं होतं, हा शेवटचा. तेलकट कागदात गुंडाळून तो त्यांच्या कपाटात कपड्यांखाली पडून होता. कागदावर मिस्त्रींच्या अक्षरात धाकट्याचं नाव होतं.

काम अकरा दिवस, रोज दुपारी चाललं. जेवण आटोपलं की ती मिस्त्रींची चाकांची खुर्ची शेडमध्ये आणायची, उजवा लुळा हात मांडीवर नीट ठेवायची आणि गाडीला भिडायची. रेडिएटर उतरवला, पुढची जाळी काढली. उंचवट्यांचा रेटा व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या सळ्या, बारा पुशरॉड, पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवले. जुना शाफ्ट बाहेर आला तसा तिने पाचवा उंचवटा मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी डोळे मिटून उघडले.

नव्याला तिने काळी पेस्ट फासली, एकही जागा कोरडी सोडली नाही. मग दोन्ही हातांनी तोलत, जरा जरा फिरवत तो आत सरकवला. कुठे टेकला असता तर बेअरिंगवर ओरखडा गेला असता. तिचे हात चालले होते तोवर मिस्त्रींचा डावा हातही हवेत तसाच फिरत होता. शाफ्ट बसला तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

हेच काम तिने सोळाव्या वर्षी एकटीने केलं होतं, मिस्त्री तापाने पडले होते तेव्हा. गिऱ्हाईक खूश होऊन घरी आलं. "कुणी केलं हो?" मिस्त्रींनी अकरा वर्षांच्या धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पोराने. रक्तातच आहे." ती काही बोलायला गेली तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू बस."

रविवारी सकाळी इंजिन सुरू करायचं ठरलं. तिने गजराचं घड्याळ गाडीच्या पुढच्या मडगार्डवर ठेवलं, मिस्त्री ठेवायचे तसं. त्यांचं वाक्य तिला पाठ होतं: "पहिली वीस मिनिटं फेऱ्यांची सुई दोन हजारांच्या खाली येता कामा नये. वेग असला तरच तेल उडून शाफ्टला लागतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलास तर शाफ्ट गेला, आणि शाफ्ट गेला तर मी तुझा पाय काढतो." सोळाव्या वर्षी बाराव्या मिनिटाला तिच्या पोटरीत गोळा आला होता. तिने पाय काढला नव्हता.

खुर्ची तिने गाडीच्या उघड्या दारापाशी, तीन फुटांवर लावली. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. सुई बावीसशेवर गेली आणि तिथे खिळली.

मिस्त्रींनी डोळे मिटले. बारा उंचवटे बारा जागी काम करत होते, कुठे खडखड नाही, चुकार ठोका नाही. त्यांचा जिवंत अर्धा चेहरा सैल झाला.

चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "बस."

हळू, शेवटी खाली उतरणारा. मान किंचित हलली.

तिने वळून मागे पाहिलं. मागे कुणी उभं नव्हतं.

"बस?" तिने विचारलं. "बरं."

आणि पाय काढला.

पाय काढल्यावर इंजिन किती वेगाने चालावं, ते ठरवणारा स्क्रू तिने आदल्या दिवशीच अर्धा फेरा उलटा फिरवून ठेवला होता. सुई पाचशेवर आली. इंजिन बंद पडलं नाही, संथ घरघरत राहिलं.

मिस्त्रींचे डोळे उघडले. "बस!" हा नऊपैकी कुठलाच नव्हता, पण कळायला अवघड नव्हता. "बस! बस!"

"हो, हो. ऐकू आलं." ती गाडीतून उतरली. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल तिने ओढून आणलं. लहानपणी पाने घेऊन ती ज्यावर बसायची तेच. "बसले. गप बसू, की बोललं तर चालेल?"

मिस्त्रींनी डाव्या हाताने खुर्चीचं चाक ढकललं. एकच चाक फिरल्यामुळे खुर्ची पुढे न जाता जागच्या जागी वळली आणि त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. ती उठली, खुर्ची परत गाडीकडे वळवली, ब्रेक लावला आणि स्टुलावर येऊन बसली.

"असं दिसेल नीट."

नवव्या मिनिटाला टकटक सुरू झाली. आधी अगदी बारीक, नखाने पत्र्यावर वाजवावं तशी. मिस्त्रींनी ओठ दाबले. त्यांना आवाजावरून उंचवटा सांगता यायचा, ही त्यांची ख्याती होती.

"तिसरा ना?" तिने विचारलं. "मला तिसरा वाटतोय."

तेराव्या मिनिटाला दुसरी टकटक मिसळली. "हा मात्र तुम्हीच सांगा. मी तेरा, माझं चुकायचं."

ते आता बस म्हणत नव्हते. डाव्या डोळ्यातलं पाणी हनुवटीपर्यंत आलं. तिने फडक्याने ते पुसलं, स्वच्छ फडक्याने. गजर वाजला तशी किल्ली बंद केली.

"झाली वीस मिनिटं."

दुपारी धाकट्याचा फोन आला. "ताई, सुरू झाली का गाडी?"

"झाली. पहिल्या फटक्यात."

"वा! बाबा काय म्हणाले?"

"बस म्हणाले."

"कुठला बस? तुलाच कळतं ते."

"पसंतीचा," ती म्हणाली. "चौथ्या मिनिटाला. मान हलवून."

"बघ, म्हणत नव्हतो मी!" धाकटा खूश झाला.

पुढचे तीन दिवस लावून तिने इंजिन परत खोललं. तेलात चांदीसारखा चुरा आला होता. शाफ्ट पुसून तिने मिस्त्रींच्या मांडीवर आडवा ठेवला आणि त्यांचा डावा अंगठा धरून पहिल्या उंचवट्यावर टेकवला. पुढे तो आपणच सरकत गेला. दुसरा. तिसऱ्यावर थांबला. मग आठव्यावर.

"आठवा होय!" ती म्हणाली. "मी सातवा धरला होता."

अंगठा तिथेच राहिला.

"दुसरा मागवू का, बाबा?"

मिस्त्रींनी तोंड घट्ट मिटून घेतलं. संध्याकाळी पाणी मागायची वेळ झाली तेव्हाही ते मिटलेलंच होतं. ओठ कोरडे पडून चिकटले होते, नजर टेबलावरच्या पेल्यावर होती.

तिने पेला उचलला, त्यांना दिसेल असा धरला आणि स्टूल ओढून समोर बसली.

"म्हणा," ती म्हणाली. "म्हटल्याशिवाय मला कसं कळणार?"