दुखऱ्या कमरांचे बाकडे

मी एक जुने सागवानी बाकडे आहे. शाळेतले नव्हे. मित्रांनो, माझ्यावर बसून कोणी पाढे म्हटले नाहीत. माझ्यावर माणसे कण्हली. सोलापुरातल्या कामगार वस्तीत एक लहान दवाखाना होता, तिथे माझे आयुष्य गेले.

शिवशरण सुताराने एका मोडीत काढलेल्या गोदामाच्या दाराच्या लाकडातून मला घडवले. काम संपल्यावर मी किती भक्कम झालो ते पाहायला तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. तीच माझी पहिली शाबासकी.

त्या काळी कोणी कंबर धरून आले की सल्ला ठरलेला असे. गोळ्या घ्या आणि फळीवर पडून राहा. यंत्रमागावरचे विणकर यायचे, हमाल यायचे, दुष्काळात खडी फोडून शहरात आलेल्या बायका यायच्या. तपासायला त्यांना माझ्यावर झोपवत. काही दिवसांनी तीच माणसे तशीच वाकून परत येत. मला फार वाईट वाटे.

चौऱ्याहत्तर साली डॉक्टर विजयमाला आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. परत परत येणारी माणसे त्यांनाही खटकली. गोळ्यांवाचून कंबर बरी होऊ शकते का, हे शोधायचे त्यांनी ठरवले. ज्यांच्या पायाला बधिरपणा होता त्यांना आधी मोठ्या इस्पितळात पाठवले. बाकीच्यांना सगळे समजावून विचारले. जे तयार झाले त्यांनी चिठ्ठी उचलायची. एका चिठ्ठीत नेहमीच्या गोळ्या आणि आराम. दुसरीत शेक, व्यायाम आणि रोजचे चालणे.

ईरप्पा विणकराला व्यायामाची चिठ्ठी आली. "अय्यो, दिवसभर मागापुढं उभा राहायचं आणि वर तालीम बी करायची?" असे म्हणत तो लाजत लाजत माझ्यावर पालथा झाला आणि छाती उचलू लागला.

सोजरबाईला आली गोळ्या-आरामाची. ती अक्कलकोटकडच्या खेड्यातली. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. चिठ्ठी ऐकून ती हसली. "आराम? मला? मग विड्या कोण वळंल?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, वरून काय दिसत न्हाय. सासू म्हणती सोंग करती."

"तुम्ही सांगताय ना दुखतंय, मग दुखतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सोजरबाईने पदर तोंडाला लावला. कोणीतरी विश्वास ठेवला, एवढ्यानेच तिला रडू आले होते.

ईरप्पा हळूहळू ताठ चालू लागला. सोजरबाई मात्र एका सकाळी पोट धरून आली. सोबत सासू मुक्ताबाई होती, घाबरलेली. "सारखी उलटी करती, बाई. घासभर बी ठरंना पोटात."

"गोळी गिळली की आग पडती," सोजरबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासले आणि गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. पण कंबर? ती तर तशीच होती. सोजरबाई माझ्यावर पडूनच म्हणाली, "ईरप्पाला शिकवताय ते मला शिकवा की."

डॉक्टरीणबाईंचा हात माझ्या कडेवर होता. तो घट्ट झालेला मला कळला. चिठ्ठीचा नियम मोडला तर इतक्या महिन्यांच्या कष्टाचा निकाल लंगडा पडणार होता. तो मोडला नाही तर ही बाई अशीच वाकून घरी जाणार होती.

"शिकवते," त्या म्हणाल्या. "आधी पोट शांत होऊ दे. आज नुसता शेक."

त्यांनी तव्यावर वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि पुरचुंडी मुक्ताबाईच्या हातात दिली. म्हातारीने ती बिचकतच सुनेच्या कमरेवर टेकवली. दुसऱ्या हाताने चाचपले आणि थांबली.

"लाकडावानी झालंय की गं हे. बोलली न्हाईस कदी?"

"बोलले की, आत्याबाई."

पुरचुंडी गार होईपर्यंत म्हातारी शेकत राहिली.

बरे वाटल्यावर सोजरबाई व्यायाम शिकली. विड्या वळताना मधूनमधून उठायचे, अंगणात फेरी मारायची, हेही शिकली. आणि ती उठली की मुक्ताबाई स्वतः सुपापुढे बसू लागली.

मोठे डॉक्टर आबासाहेब पाहणीला आले. सगळ्या नोंदी वाचून म्हणाले, "बाई, माणसं मधेच इकडची तिकडं केलीत. यातून ठाम काही म्हणता येणार नाही."

"नाही म्हणता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी तसंच लिहिलंय. पुन्हा सुरू करते. या खेपेला शेक सगळ्यांना, आणि ज्याला त्रास होईल त्याला त्याच दिवशी उपचार बदलायची मोकळीक."

त्यांनी खरोखर पुन्हा सुरू केले. त्याला पुढची दोन वर्षे लागली. जादू काही झाली नाही, मित्रांनो. काहींची कंबर दुखतच राहिली. पण व्यायाम करणारी, चालणारी बरीच माणसे लवकर कामाला लागली, आणि गोळ्यांनी पोट जळणारी कमी झाली. सोजरबाईची कंबरसुद्धा थंडीत अजून धरते. पण आता ती घाबरत नाही.

पुढे डॉक्टरीणबाईंची बदली बार्शीला झाली. दवाखान्यात गादीची नवी खाट आली आणि मला व्हरांड्यात ठेवले. ऊन लागते, पावसाची झड येते. माझा एक पाय कुजू लागला आहे. कोणी तेलाचा हात फिरवला तर बरे वाटेल, पण माझे मागणे वेगळेच आहे.

इथे बसून मी येणारी-जाणारी माणसे पाहतो. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी कंबर धरून उठताना दिसले तर हसू नका. दुखणे दिसत नाही म्हणून ते नाही असे समजू नका. आधी त्यांचे ऐका. मग त्यांना हात द्या आणि अंगणापर्यंत त्यांच्या चालीने चाला.