गाडी उकळू नये म्हणून

तलासरीच्या हायवेला बाबांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे त्यांची स्वतःची गाडी. गाडी जुनी, साधी. पण इंजिनावर त्यांनी सुपरचार्जर बसवला होता. म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंप. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तसंच इथे होतं. दाबलेली हवा तापते, तिने इंजिन तापतं आणि शेवटी बॉनेटखालून वाफ येते. वापीचा एक क्लब अधूनमधून एका बंद कारखान्याच्या आवारातले रस्ते घेऊन ट्रॅक डे भरवायचा, म्हणजे ज्याने त्याने आपली गाडी जोरात पळवायचा दिवस. तिथून वाफेशिवाय परतलेले बाबा कुणी पाहिले नव्हते.

दिवाळीत बाबा गेले. होळीनंतर क्लबच्या मिथुनभाईंचा फोन आला. बाबांची जागा अजून राखून ठेवली होती, मी येणार का? फक्त या वेळी गाडीने पाणी सांडलं तर कायमची बंदी, कारण मागची गाडी त्यावर घसरते. मी येते म्हणाले. आईने त्यावर स्वतःचा नियम सांगितला. ट्रॅकवरची पंधरा मिनिटं न उकळता पूर्ण केली तर गाडी राहील, नाहीतर दारं काढून त्यात कोंबड्या. ती चेष्टा करत नव्हती. चाकांना गिऱ्हाईकही तिने पाहून ठेवलं होतं.

डिकीत एक पाण्याची टाकी होती. त्यातलं गार पाणी एक छोटा पंप पुढे नेतो आणि तापलेली हवा थंड करतो, म्हणून टाकीत बर्फ घालायचा. ते काम बाबांचे मित्र झिपरूकाका यांनी अंगावर घेतलं. त्यांनी डहाणूच्या मासळी बाजारातून बर्फ आणला आणि तो वाटेत वितळू नये म्हणून लग्नकार्यात पुरतात तसा भाताच्या तुसात पुरला, बोंबलाच्या पेटीत. बर्फ खरंच टिकला. काकांनी पेटी टाकीत उपडी केली, तुसासकट. मी बोलायच्या आत ते म्हणाले, "असू दे ना तूस. आत पण टिकेल."

आई निकाल स्वतः देणार म्हणून शेजारी बसली. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा तिने अंबाडा सोडला. बाबांची सीट पुढे ओढायला माझा हात धजला नाही. मी पाठीशी उशी घेतली.

पहिल्याच फेरीत डिकीतला पंप घरघरला आणि गप्प झाला. तूस अडकलं होतं. समोरचा तापमानाचा काटा चढू लागला. मी वेग कमी केला आणि हीटर पूर्ण सोडला.

"उन्हाळ्यात हीटर?" आईने विचारलं.

"इंजिनाची उष्णता आत घ्यायची. तेवढंच ते वाचतं."

"म्हणजे ते वाचणार आणि आपण उकळणार."

मी हो म्हणाले. मागच्या सीटवर काकांची रिकामी पेटी होती. गरम हवेने गाडीभर बोंबील दरवळला.

ट्रॅकवर सगळेच एक फेरी जोरात आणि एक हळू मारतात. हळू फेरीत इंजिनाला वारा मिळतो. बाबांना तेवढंच जमत नसे, कारण हळू फेरीत लोक पुढे जातात. आता आमच्याही पुढे गेले. मग एक पिवळी गाडी हॉर्न देऊन गेली.

"हा कोण?"

"वापीचे दाताचे डॉक्टर."

"त्याला जाऊ दिलंस? दाब."

"काटा वर आहे, आई."

"दाब म्हणते ना."

मी तिला कोंबड्यांची आठवण करून दिली. तिने पदराने गळा पुसला. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना कोणी सांगितलं नाही, हळू चालवा म्हणून?"

"तूच सांगायचीस. रोज."

"मी हायवेचं सांगायचे. इथलं मला काय माहीत."

त्यानंतर तिने काटा आपल्याकडे घेतला. तो खाली आला की "जा" म्हणायची, वर गेला की "बस". चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती. एकदा काटा तांबड्याला टेकला. ती श्वास रोखून बसली, जणू तिने श्वास सोडला तर वाफ तिथूनच निघेल. मी पाय काढला. डॉक्टर पुन्हा पुढे गेले. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वेळ संपल्याचा झेंडा पडला तेव्हा आम्ही सगळ्यात शेवटी होतो. मिथुनभाई वाकून गाडीखाली पाहू लागले. जमीन कोरडी होती. दोघीच भिजलो होतो. मी किल्लीला हात लावला, तर आई म्हणाली, "लगेच बंद करू नको. निवू दे." हे तिने कुणाकडून ऐकलं होतं, ते मी विचारलं नाही.

मिथुनभाईंनी पुढचा ट्रॅक डे पावसाळ्यानंतर असल्याचं सांगितलं आणि चालक म्हणून कुणाचं नाव घालू, असं विचारलं. बाबांचं नाव काढायला सांगणं मला जमत नव्हतं.

"माझं घाला," आई म्हणाली. "नवशी लिहा."

आईला सायकलही येत नाही, हे मी मिथुनभाईंना हळूच सांगितलं.

"मध्ये पावसाळा आहे ना," ती केस बांधत म्हणाली. "ही शिकवेल."