माझ्या अंगावरचं लाल ठिगळ

मित्रांनो, पेणला गणपतीच्या एका कारखान्यात झरोक्याला जुनं निळं जाळं ताणून बांधलेलं दिसलं, तर ते मीच. माझ्या मधोमध एक लाल ठिगळ आहे. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

मला कमळाकरच्या वडिलांनी हाताने विणलं. खाडीत मी भरपूर मासळी धरली आणि कौतुकही भरपूर ऐकलं. वडील गेले, कमळाकरने कारखाना टाकला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मला कोणी ढुंकूनही बघेना.

मला खाली आणलं ते कबुतरांनी. पत्र्याखालच्या तुळयांवर त्यांनी ठाण मांडलं आणि ती रंगवलेल्या मूर्तींचे मुकुट घाण करायला लागली. असा गणपती कोण घरी नेणार? शेजारचा पुंडलिक म्हणाला, "दाण्यात इख घाल, मोकला होशील."

विषाचं नाव काढताच कमळाकरने हात जोडले. "देवाच्या कारखान्यात इख नाय घालायचा." त्याने मला झटकलं आणि झरोक्याला बांधलं.

बांधलं मात्र खाडीच्या सवयीने, मधे छान झोळ सोडून. झोळ असला की मासा हमखास अडकतो. त्याच्या हाताला दुसरी बांधणी ठाऊकच नव्हती. आत तुळईवर घरटं आहे, हेही कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतळी, कमळाकरची बायको, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. तिचा नेम असा, की एक डोळा काढला की दुसरा पुरा होईपर्यंत जागचं उठायचं नाही. एवढ्यात बाहेरून एक कबुतर माझ्या झोळात घुसलं. त्याचे पंख गुंतले, पाय गुंतला. ते जितकं धडपडे, तितकं मी आवळलं जाई. आत पिल्लं चीं चीं करत होती. जन्मभर धरायलाच शिकलेल्या मला सोडता येईना. इतकं वाईट मला माळ्यावरही वाटलं नव्हतं.

पुतळीने कुंचला ठेवला आणि ती कातर घेऊन उठली.

"कापतेस काय गो? बाच्या हातचा जाला हाय," कमळाकर कळवळून म्हणाला. "नि एक डोला उघडून तशीच उठलीस?"

"असूं दे उघडा. त्याला पन बघूं दे," पुतळी म्हणाली.

कमळाकरने कबुतर दोन्ही हातांत अलगद धरलं आणि पुतळीने माझे दोरे कापले. सुटलेलं कबुतर त्याच भोकातून आत, थेट पिल्लांकडे गेलं. मग पुतळीने हात धुतले आणि दुसरा डोळा काढला.

पिल्लं उडेपर्यंत ते भोक तसंच ठेवलं. तोवर बिचारे गणपती जुन्या चादरी पांघरून बसले. पुतळी चादरी धुताना पिल्लांना शिव्या घालायची, आणि पिल्लं उडाली त्या दिवशी दारात उभी राहून बघत होती. मग कमळाकरने रिकामं घरटं उतरवलं, लाल दोऱ्याने मला ठिगळ लावलं आणि या खेपेला ढोलकीच्या कातड्यासारखं ताणून बांधलं. आता कबुतरं येतात, आत जागा नाही हे बघतात आणि दुसरीकडे जातात.

मित्रांनो, घराला जाळी लावाल तेव्हा ती ताणून बांधा. आणि बांधण्याआधी आत कोणाची पिल्लं नाहीत ना, एवढं बघा. असली तर थोडं थांबा.

मला विणणाऱ्या हातांचे माझ्यावर उपकार आहेतच. पण कापणाऱ्या हातांचे जास्त आहेत.