चुलीवरची कवेलू

ज्येष्ठ लागला की आमच्या टोल्यातली, म्हणजे तळ्याकाठच्या वस्तीतली, माणसे जमिनीवर कमी आणि छपरांवर अधिक दिसत. वर्षभरात माकडांनी आणि वावटळींनी सरकवलेली कवेलू, म्हणजे कौले, एकेक करून उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा ओळीने रचत न्यायची. याला आमच्याकडे घर फेरणे म्हणतात. हे काम एकट्याचे नव्हे. आज मंगरूचे घर, उद्या आमचे, परवा चैतरामचे, अशी पाळी तळ्याच्या काठाकाठाने पुढे सरके, आणि मृग लागेपर्यंत टोल्यातल्या प्रत्येक छपरावरून प्रत्येक घरचा हात फिरलेला असे. जो आला त्याच्याकडे जायचे, एवढाच त्याचा नियम होता.

आमचा टोला आदर्श होता, असे मला म्हणायचे नाही. महारांची घरे तेव्हाही पाळीच्या पलीकडे, वेगळ्या विहिरीजवळ होती. टिकाराम महार आमच्या ओसरीवर बसत नसे, कारण त्याला कोणी बसवत नसे. परंतु घर फेरण्याच्या दिवशी तो आमच्या देवघराच्या नेमका वर उभा राही आणि माझे वडील खालून त्याच्या हाती कवेलू देत. या विसंगतीचा अर्थ मला अजून लागलेला नाही. एवढेच वाटते, की आमच्यातली अंतरे जमिनीवर घट्ट होती आणि छपरावर किंचित सैल होत असत.

पटकीची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी गोंदियात वस्ती-सुधार कमिटी नेमली गेली. तळ्याकाठचा टोला रोगट आहे, तो उठवावा, असे ठरले. स्टेशनाच्या अंगाला सरळ रस्त्यांची आणि झाकलेल्या नाल्यांची नवी लाइन आखण्यात आली. ज्याला विटांच्या भिंती आणि कारखान्यातली चपटी, इंग्रजी कवेलू झेपतील त्याला तिथे जागा. बाकीच्यांना रुळांपलीकडे, मुर्री गावाच्या वाटेवरच्या खोलगट रानात. देशी कवेलूंच्या पोटात उंदीर राहतात, म्हणून नव्या लाइनीत त्यांना मनाई होती. कमिटीच्या ठरावात कोणत्याही जातीचे नाव नव्हते, आणि ते असण्याची गरजही नव्हती. एकट्या कवेलूने सगळी निवड करून टाकली होती.

माझे वडील केशोराव टोल्यातले एकटेच कमिटीवर होते. त्यांचा तांदळाचा व्यापार होता आणि सरळ रस्त्यांवर मनापासून विश्वास होता. नव्या लाइनीचा सर्वांत कडक नियम त्यांनीच सुचवला होता. पैसेवाले लोक गवताची झोपडी घालून जागा अडवतील, ही त्यांना भीती. म्हणून मृगाआधी छप्पर चढलेच पाहिजे. घर अपुरे राहिले तर कारण पाहून मुदत वाढवावी. पण पुरे झालेले घर नियमाविरुद्ध असेल तर जागा तत्काळ काढून घ्यावी, असे त्यांनी मांडले आणि ते एकमताने मान्य झाले.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. मंगरू ढिवर आपल्या शेजारी राहिला पाहिजे. दोघे एकाच तळ्यात पोहायला शिकले होते. मंगरू आता त्याच तळ्यात जाळे टाकत असे आणि शिंगाड्याचे वेल लावत असे. वडिलांनी कमिटीत त्याच्यासाठी शब्द टाकला आणि आमच्या घराला लागून असलेली कोपऱ्याची जागा मिळवली.

“केशोभाऊ, मले तिकडं कायले नेऊन राहिला?” मंगरू म्हणाला. “तिकडं सारे शेठ लोक. माझ्या जाळ्याचा वास आला तर नाकाले पदर लावतील.”

“शेठ काय लुगडं नेसतेत पदर लावाले?” वडील म्हणाले. घरात पुस्तकी बोलणारे वडील मंगरूशी बोलताना टोल्याच्या भाषेत उतरत. “तू माझ्या बाजूले राहशील. बस झालं.”

“आन् रुख्मा?”

“रुख्माले तू इचार. माझी हिंमत नाही.”

रुख्मा मंगरूची बायको. तिने होकार दिला तो तोंडाने नव्हे. दुसऱ्या दिवशी ती तळ्याच्या गाळात पाय रोवून विटांची माती तुडवू लागली. नवरा-बायकोने विटा स्वतः पाडल्या आणि स्वतः भाजल्या. मी नागपुरास परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा नव्या लाइनीत आमच्या घराशेजारी, तळ्याच्याच मातीच्या, तांबूस काळसर भिंती उभ्या होत्या. जुने तळे एका कोपऱ्यातून नव्या लाइनीत शिरले आहे, असे मला तेव्हा वाटले. पण हे कोणाजवळ बोलण्याइतका मी धीट नव्हतो.

दोन्ही घरांची इंग्रजी कवेलू वडिलांनीच मागवली होती. आमची आधी आली आणि आमचे घर झाकले गेले. मंगरूची मागच्या वॅगनीत होती आणि ती वॅगन कोठेतरी अडकून पडली. मृग जवळ आला तेव्हा वडील तिचा तपास काढायला नागपुरास गेले.

ते गेले आणि त्याच सायंकाळी आभाळ भरून आले. टोल्यातली माणसे मंगरूच्या उघड्या भिंतींत जमली. विटा मातीत बसवलेल्या होत्या. एक मोठी सर आली असती तरी भिंतीने पाय सोडले असते.

“कमिटी म्हन्ते इंग्रजीच कवेलू पाहिजे,” मंगरू म्हणाला.

“कमिटी म्हन्ते मृगाआधी छप्पर पाहिजे,” चैतराम म्हणाला. चैतराम तेली होता आणि टोल्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस होता. “छप्पर तर चढू दे! इंग्रजी आले का बदलून टाकू. कमिटीचा सायब का कवेलूशी इंग्रजीत बोलून पायते?”

सगळे हसले. मीही हसलो. ते बोलणे मला तेव्हा इतके सरळ वाटले की त्यात हसण्यापलीकडे काही करण्यासारखे दिसले नाही. शिवाय त्यात टोल्याची एक जुनी रीत मिसळलेली होती. टोल्यात नवे घर झाले की त्याचे पहिले छप्पर टोल्याचे असे. प्रत्येक घर आपल्या छपरावरची टोपलीभर कवेलू उतरवून देई. ती मागायची नसत आणि कधी परतही घ्यायची नसत. नव्या घराला एकटे वाटू नये, असे म्हातारी माणसे त्याचे कारण सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तळ्याकडून नव्या लाइनीपर्यंत टोपल्यांची रांग सुरू झाली. माझी आई, शकुंतलाबाई, आमच्या जुन्या, रिकाम्या घराकडे गेली आणि चुलीवरच्या छपराची कवेलू तिने उतरवून घेतली. धुराने ती इतकी काळी झाली होती की हाताला काजळी लागत होती.

“ही कशाला?” मी विचारले. “ओसरीवरची चांगली आहेत.”

“ओसरीवर पाहुणे बसतात,” आई म्हणाली. “द्यायचं तर चुलीवरचं द्यावं.”

सायंकाळी मंगरूचे घर झाकले गेले. लाल, पिवळट, शेवाळलेली, काळी, निरनिराळ्या हातांची आणि भट्ट्यांची कवेलू एका छपरावर होती. रुख्माने सर्वांना मुरमुरे आणि गूळ वाटला. टिकाराम शेवटी उतरला, आणि उतरताना निसणीच्या पायरीवरूनच म्हणाला, “मंगरू, आता पानी आला तरी आमच्या नावानं निजजो.” त्या रात्री पाऊस आला. भिंती कोरड्या राहिल्या.

वडील परतले ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या गाडीने. हातात मिठाईची पुडी होती आणि चेहऱ्यावर उजेड. वॅगन सापडली होती. मुदत वाढवण्याबद्दल कमिटीचे अध्यक्ष ईश्वरदास शेठ यांच्याशी स्टेशनातच बोलणे झाले होते आणि शेठनी मान हलवली होती. वडील कोपऱ्यावर वळले, आणि थांबले. पुडीची दोरी ते बोटाला गुंडाळत राहिले.

“काऊन चढवलं रे छप्पर?” ते इतक्या हळू म्हणाले की मंगरूला ऐकायला पुढे यावे लागले.

“पानी येऊन राहिला होता ना, भाऊ. साऱ्यांनी मिळून चढवलं. तुमच्या घरचीबी टोपली हाय. वहिनीनं आनली.”

वडिलांनी आईकडे पाहिले. आई दारात उभी होती, आणि काहीतरी चुकले आहे हे तिला त्यांच्या पाहण्यावरूनच कळले.

नव्या लाइनीतल्या शेजाऱ्यांना छप्पर दिसले होते आणि तक्रार कमिटीपर्यंत पोहोचलीही होती. दोन दिवसांनी ईश्वरदास शेठ स्वतः पाहायला आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. मंगरूच्या अंगणात ते बराच वेळ उभे राहिले आणि हातातली काठी जमिनीवर टेकवत राहिले.

“केशोरावजी,” ते म्हणाले, “घर खुला रहता तो हम मुदत दे देते. अब तो बन गया. जो बन गया, उसको अधूरा कैसे मानें?”

“उतरवतो ना, शेठ. आत्ता उतरवतो,” मंगरू म्हणाला.

“उतारने से क्या होगा, भैया? देखा तो सबने है. आज तुमको छोड़ा, तो कल दस आदमी घास डालके बैठेंगे. और ये बात हमारी नहीं है. ये तो केशोरावजी की ही बात है.”

कमिटी बसली तेव्हा वडिलांनी मंगरूसाठी पुन्हा शब्द टाकला. त्यांनीच सुचवलेल्या नियमाचे शब्द त्यांना वाचून दाखवण्यात आले आणि जागा काढून घेतली गेली. हे त्यांनी घरी येऊन आईला सांगितले, एकदाच, आणि जेवणाचे ताट पुढे सरकवले.

मंगरूने छप्पर उतरवले. दिलेली कवेलू परत घेत नाहीत, म्हणून कोणीच आपापली घरी नेली नाहीत. सगळा टोला ती मंगरूच्या नव्या जागेसाठी टोपल्यांतून रुळांपलीकडे घेऊन गेला. टोला तिकडेच जायचा होता. मंगरू फक्त शेवटी सामील झाला. कोपऱ्याच्या जागेवर पुढे एका कापडवाल्याचे गोदाम आले. तळ्याच्या विटांवर त्याने सफेत चुना दिला.

पुढच्या वर्षीचा ज्येष्ठ आला. नव्या लाइनीत एकही माणूस छपरावर दिसेना. इंग्रजी कवेलू एकमेकांत खाचेने बसलेली असतात. ती सरकत नाहीत आणि त्यांना फेरावे लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे कोणाची पाळी नव्हती. वडील अंगणात उभे राहून छपराकडे पाहत. एखादे तरी सरकले असावे, अशी त्यांना आशा असावी.

एके सकाळी त्यांनी धोतर खोचले, डोक्याला पंचा गुंडाळला आणि काही न सांगता ते निघाले. मी मागोमाग गेलो. रुळांवरचे फाटक ओलांडून मुर्रीच्या वाटेने उतरलो, तो खोलगट रान दिसू लागले. मागच्या पावसाचे पाणी भिंतींवर चढून आपल्या खुणा ठेवून गेले होते. घरे मात्र एकमेकांना चिकटून उभी होती आणि मंगरूच्या छपरावर माणसेच माणसे होती.

“आज मंगरूचं आहे का?” वडिलांनी चैतरामला विचारले आणि उत्तराची वाट न पाहता निसणीवर पाय ठेवला.

“केशोभाऊ,” मंगरू वरून म्हणाला, “राहू दे.”

“कायले राहू दे? दरसाल येतो.”

“दरसाल आमी बी येत होतो ना.” मंगरूच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर वडिलांना तो सोसता आला असता. “तू आज माझ्याकडं चढशील. मंग मी तुझ्याकडं कोन्या दिवशी येऊ? तुझ्या घराले काम नाई, भाऊ. मी ते फेडू कसं?”

“फेडाचं कोन म्हन्ते?”

“कोनी म्हनत नाई. म्हनूनच त राहू दे.”

वडिलांचा पाय निसणीच्या पहिल्या पायरीवर काही वेळ तसाच राहिला. मग तो खाली आला. वरची माणसे पुन्हा कामाला लागली, थोडी जास्त घाईने, खाली पाहणे टाळत.

रुख्माने आमच्यासाठी बाज टाकली आणि पाणी आणले. पाहुण्यांना देतात तसे, पितळी तांब्यातून. इतकी वर्षे तिने आम्हांला पाणी कधी आणून दिले नव्हते. तहान लागली की आम्ही तिच्या रांजणातून घेत होतो. वडिलांनी तांब्या हातात धरून ठेवला.

“ते पाहा,” ती वर बोट दाखवत म्हणाली, बहुधा त्यांना बरे वाटावे म्हणून. “कोपऱ्यावरचे काळे. बाईनं देल्लेले. माझ्या चुलीवरच घातले मी.”

आम्ही पाहिले. लाल-पिवळ्या ओळींत ती काळी कवेलू ओळखू येत होती. टिकाराम त्यांच्यापाशी पोहोचला होता. एकेक उचलून तो झाडत होता, प्रकाशात धरून तडा पाहत होता आणि पुन्हा जागेवर ठेवत होता. त्यांच्या फटींतून रुख्माच्या चुलीचा धूर वर येऊ लागला होता.

“बाबू, हालव ना ती बाज सावलीत,” रुख्मा मला म्हणाली. “ऊन लागून राहिलं तुझ्या बाबाले.”

मी बाज सावलीत ओढली. वडील बाजेवर बसले नाहीत. टिकारामने शेवटचे काळे कवेलू बसवून पुढे सरकेपर्यंत ते उन्हातच उभे होते. मग ते पाणी प्यायले, रिकामा तांब्या त्यांनी रुख्माच्या हातात दिला, आणि आम्ही फाटकाकडे निघालो.